वंशावळ काढताना

आमच्या आज्जांच्या नावावर साडेचार एकर जमीन होती. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, जिथून वैजनाथचा डोंगर समोर दिसतो त्या पट्ट्यात. पावसाळ्यात भात, माळाच्या तुकड्यात रताळी आणि बटाटा, भात निघाला की त्याच ओलीवर मसूर. 2022 च्या डिसेंबरात मळणी उरकत आली असताना आज्जा गेले, आणि जमीन वारसांच्या नावावर चढवायचं काम माझ्याकडं आलं. घरात कन्नड सफाईनं लिहिता-वाचता येणारी मी, आणि नोकरी बेळगावातच असल्यामुळं कचेऱ्या वाटेवरच्या. वडील म्हणाले, "तूच बघ बाई. आमच्यानं ते कॉम्प्युटरचं काम हुईत न्हाई."

सीमाभागातल्या बहुतेक शेतकरी घरांना कधी ना कधी हे काम करावंच लागतं, म्हणून ते कसं झालं तेही लिहिते. पण मला लिहावंसं वाटलं ते आज्जांसाठी. लहानपणापासून ज्यांच्या पंगतीला बसून जेवले, त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला ते गेल्यावर, एका कचेरीतल्या जुन्या कागदावर वाचायला मिळाली. घरात कुणालाच ती माहीत नव्हती.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. नोंद 21 दिवसांच्या आत केली तर काही अडत नाही. पुढं गेलं की दंड, आणि वर्ष उलटलं तर वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. दिवसकार्याच्या गडबडीतही धाकट्या काकांनी वेळेत नोंद करून टाकली होती. दाखल्याच्या प्रती मात्र हात आखडता न घेता काढून ठेवाव्यात. बँक, सोसायटी, वंशावळ, वारसा, प्रत्येक ठिकाणी एक ठेवून घेतात.

तिथं प्रश्न आला वयाचा. आधार कार्डावर आज्जांचा जन्म 1 जानेवारी 1930. शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1927. त्या पिढीत बहुतेकांच्या जन्मतारखा अशाच. मास्तरांनी शाळेत घालताना जून महिना टाकायचा, आधारवाल्यांनी जानेवारी. खरं साल आमच्याकडं तोंडी चालत आलं होतं. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनात. आमचे पणजोबा त्या वेळी टिळकवाडीकडच्या मैदानावर बैलगाडीनं कळक पोचवत होते. "काँग्रेसच्या फुडल्या भातकापणीला मी झालो," असं आज्जा सांगायचे. म्हणजे 1925 ची दिवाळी. त्या हिशेबानं ते 97 वर्षं जगले. दाखल्यावर आधारप्रमाणं 92 लागलं. बदलायला गेलं तर पुढचे सगळे कागद अडकले असते, म्हणून तसंच राहू दिलं. पण दारातल्या फलकावर आणि पेपरातल्या निधनवार्तेत वडिलांनी 97 च घालायला लावलं.

यानंतर वंशावळ. मयताची बायको-मुलं कोण, त्यातलं हयात कोण, मयत कोण, हे सांगणारा हा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे तहसीलच्या हाताखालच्या महसूल कचेरीतून मिळतो. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं, मृत्यूचा दाखला असं जोडून अर्ज द्यायचा. मग तलाठी गावात येऊन चौकशी करतो, पंचांच्या सह्या घेतो, सर्कल म्हणजे त्याच्या वरचा महसूल अधिकारी बघतो, आणि दाखला निघतो. तलाठ्यांचं सरकारी पद आता दुसऱ्या नावानं ओळखलं जातं, पण आमच्या गावात अजून तलाठीच म्हणतात. आम्हाला भेटलेला तलाठी तरुण होता, हुबळीकडचा, कामाला नीट. आमच्या सोप्यात बसून त्यानं सांगितलं, वंशावळ आज्जांपासून काढा. दोन मुलगे, दोन मुली, चार नावं, महिन्याभरात काम होऊन जाईल.

थोरली आत्या आतल्या दाराशी बसली होती. तिला कन्नड बोललेलं सगळं कळतं. ती म्हणाली, "आमच्या आज्जापास्नं काढ म्हणावं. थोरल्या काकाचं नाव न्हाई त्या कागदावर मी सही करणार न्हाई."

आत्याचा थोरला काका म्हणजे आज्जांचा सख्खा थोरला भाऊ. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेला. दुसऱ्या महायुद्धात पलटण इटलीत लढत होती, तिथून तो परत आला नाही. मागं बायको आणि दोन वर्षांचा मुलगा. आज्जा त्या वेळी 19 वर्षांचे, लग्न व्हायचं होतं. भावकीतल्या मोठ्यांनी सुचवलं की सुनेला माहेरी पाठवावं, पोराला इथं ठेवावं. आज्जांनी वहिनीच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं की हे घर तुमचंच आहे. हा प्रसंग आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण वहिनी, म्हणजे आमची थोरली आज्जी, तो स्वतः सांगायची. तिच्या हातात स्वयंपाकघराच्या किल्ल्या शेवटपर्यंत होत्या. माझी सख्खी आज्जी लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्यांदा थोरल्या आज्जीची ओटी भरली, असं सांगतात.

आणि तो दोन वर्षांचा मुलगा म्हणजे आमचे थोरले तात्या. घरातलं पहिलं लग्न त्यांचं. दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर आज्जा पहिलं पान तात्यांच्या हातात द्यायचे, मग माझ्या वडिलांच्या. पुढं घर अपुरं पडायला लागलं तसं तात्यांनी पलीकडच्या गल्लीत वेगळं घर बांधलं. शिवारातला पश्चिमेकडचा दोन एकराचा तुकडा ते कसायचे, त्यांच्यामागं त्यांची दोन मुलं कसतात. कागद काही नव्हता. आज्जा होते तोवर कागदाची गरज कुणाला वाटली नाही. तात्या आज्जांच्या आधी सहा वर्षं गेले. त्या दिवशी आज्जा अंगणात खुर्चीवर बसून होते. ओंडके कोण आणणार, कुणाला फोन गेला, कोण यायचं राहिलं, एवढंच विचारत होते. पण त्यानंतर त्यांनी कार्तिकीची वारी सोडली. आमच्या गावची दिंडी पिढ्यान्पिढ्या पंढरपूरला जाते, आणि आज्जा अन् तात्या चुकवायचे नाहीत. "सोबती न्हाई आता," एवढंच म्हणाले.

तर आत्याचं म्हणणं ऐकून वंशावळ पणजोबांपासून काढायची ठरली. त्याला पुष्कळ जास्त कागद लागले. इटलीत गेलेल्या भावाचा मृत्यूचा दाखला कुठून आणायचा? थोरल्या आज्जीच्या पेटीत पलटणीचं एक पत्र आणि पेन्शनचं पुस्तक निघालं, त्यावर निभावलं. थोरल्या आत्याचं नाव माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं, आधारवर तिसरंच. दोन्ही-तिन्ही नावांची बाई एकच, असं आणखी एक प्रतिज्ञापत्र. तात्यांचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर हाक मारायचं. हे सगळ्याच घरांत होतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी होती ती संध्याकाळ, ज्या दिवशी आम्ही सोप्यात बसून कोऱ्या कागदावर झाड काढलं. मी पेन घेऊन, आत्या सांगणार, वडील आणि काका भर घालणार. पणजोबांखाली दोन फांद्या. आज्जांच्या फांदीवर मी चार नावं लिहिली. आत्या म्हणाली, "सहा." माझ्या वडिलांच्या आधी एक मुलगा झाला होता, सव्वा वर्षाचा होऊन देवीच्या साथीत गेला. धाकट्या आत्यानंतर एक मुलगी, बारशाआधीच गेली. वडिलांनाही मुलीचं माहीत नव्हतं. आत्यानं त्या मुलाचं नाव सांगितलं. मुलीचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, पण आज्जा तिला चिमी म्हणायचे. तलाठ्याला ही नावं लागणार नव्हती. तरी मी ती झाडात लिहिली, आणि तो कागद अजून माझ्याकडं आहे.

आता जमिनीचं मूळ सांगायला हवं. ही जमीन आमची वडिलोपार्जित मालकीची नव्हे. मालक शहापुरातले एक सावकार. पणजोबा त्यांचे कूळ, दर साल खंड भरायचे. 1956 च्या 1 नोव्हेंबरला आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळं पलीकडं महाराष्ट्रात कूळकायद्यानं जे झालं ते आमच्याकडं तसं झालं नाही. आमच्याकडं खरा बदल आला देवराज अर्स मुख्यमंत्री असताना. 1 मार्च 1974 पासून कर्नाटकात कुळं कसत असलेल्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळानं फॉर्म नंबर सात भरून त्या मागायच्या, असा कायदा अमलात आला. दर तालुक्याला भू-न्यायमंडळ नेमलं. त्या मंडळासमोर वकील उभा करता यायचा नाही. कुळानं स्वतःच जाऊन बोलायचं.

आज्जा चौथी शिकलेले. फॉर्म सात त्यांनीच भरला, सुनावण्यांना तेच गेले, हुकूम त्यांच्याच नावानं झाला, आणि सरकारात भरायची रक्कम त्यांनीच हप्त्यानं फेडली. फॉर्म नंबर दहा, म्हणजे कबजेदार म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र, ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्यावर एकच नाव, आज्जांचं. उताऱ्याच्या नऊ नंबरच्या रकान्यातही एकच नाव. म्हणजे कागदानं बघायचं तर तात्यांच्या मुलांचा या जमिनीशी संबंध नव्हता.

आम्ही बेळगावातल्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, कूळ मुळात पणजोबांचं असेल आणि आज्जांनी एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून अर्ज केला असेल, तर हक्क एकट्याचा धरत नाहीत, कुटुंबाचा धरतात. पण तसं दाखवणारं काहीतरी हवं. न्यायमंडळाची फाईल काढा. त्यात कुळाचा जबाब असतो.

नकलेचा अर्ज टाकला. केसचा नंबर फॉर्म दहावर होताच, त्यामुळं शोध सोपा झाला. ज्यांच्याकडं नंबर नसेल त्यांनी निदान सर्व्हे नंबर आणि गावाचं नाव घेऊन जावं. बरेच दिवस गेले. मग रेकॉर्ड रूममधून फोन आला. तिथले कारकून निवृत्तीला आलेले गृहस्थ, गोकाककडचे. लाल कापडात बांधलेला गठ्ठा त्यांनी स्वतः सोडला. कागद पिवळे पडलेले, कडा झडत होत्या, शाई कुठं कुठं पसरलेली. जुनी घसट कन्नड मला लागेना. त्यांनी चष्मा सावरला, बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली आणि मी शेजारी उभी राहून मराठीत लिहून घेतली.

जबाब 1977 चा. सुरुवातीला नाव, वय, गाव. मग मालकाच्या बाजूनं विचारलेला प्रश्न: जमीन तुम्ही एकटेच कसता का? हा प्रश्न उगीच विचारलेला नव्हता, हे कारकुनांनीच मला समजावलं. दप्तरात कूळ म्हणून एकट्या आज्जांचं नाव. त्यांनी "एकटाच" म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. "आणखी कोणी कसतंय" म्हटलं की मालक म्हणणार, त्याचं नाव कुठं आहे, तेवढी जमीन तरी आम्हाला सोडा. गावातल्या जाणत्यांनी आज्जांना हे सांगितलं नसेल असं होणारच नाही.

आज्जांचं उत्तर असं लिहिलेलं आहे: कूळ माझ्या वडिलांचं. वडिलांमागं आम्ही दोघे भाऊ. थोरला भाऊ पलटणीत होता, लढाईत मयत झाला. त्याचा मुलगा आणि मी मिळून जमीन कसतो. घरचा कर्ता म्हणून माझं नाव लागलं आहे. जमीन दोघांची आहे.

खाली लिहिणाऱ्यानं "वाचून दाखवले, बरोबर आहे" असं कन्नडमध्ये घातलंय, आणि त्याखाली आज्जांची सही, देवनागरीत. शेवटच्या अक्षराची काठी खाली लांब ओढलेली. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या जागी हीच सही आहे, तशीच ओढलेली काठी. मी त्या टेबलाला धरून उभी राहिले. कारकुनांनी मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. "निम्म अज्ज दोड्ड मनुष्य," तुमचे आज्जा मोठा माणूस, असं ते म्हणाले.

हुकमात नाव एकट्याचंच आलं. दप्तरात होतं तेच मंडळानं उचललं असणार. पण त्या एका उत्तरापायी हातची अर्धी जमीन जाऊ शकत होती, आणि त्यावर सोळा-सतरा माणसं जेवत होती.

घरी आल्यावर आत्याला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, त्या सुनावणीच्या आदल्या रात्री आज्जा गोठ्यात कंदील घेऊन उभे राहून काहीतरी मोठ्यानं बोलत होते. आईनं विचारलं तर म्हणाले, उद्या सायबाफुडं बोलायचं हाय, जीभ अडकायला नको. पहाटे भाकरी बांधून एकटेच गेले. तात्यांनाही बरोबर नेलं नाही. परत आले ते नेहमीसारखे, येताना बाजारातून सगळ्या पोरांना कुंदा घेऊन. काय बोललात, असं विचारायचं तेव्हा कुणाला सुचलंच नाही.

आणखी एक गोष्ट त्या ट्रंकेतून उलगडली. आज्जा सीमालढ्यातले माणूस. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला शेवटची काही वर्षं सोडली तर दरवर्षी जायचे, 1986 च्या आंदोलनात त्यांच्या पाठीवर लाठी बसली होती. त्यांना कन्नड वाचता यायचं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ट्रंकेत पाटीवरचं अंकलिपीचं एक पुस्तक निघालं, कन्नड मुळाक्षरांचं, प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलनं देवनागरीत लिहिलेलं. काका म्हणाले, पन्नाशीत त्यांनी ते अक्षरओळख करून घेतली. उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा नाही म्हणून. लढा मराठीसाठी होता, कन्नड माणसाशी किंवा अक्षराशी त्यांचं वैर नव्हतं. आमच्याकडं रताळी भरायला येणारा बैलहोंगलचा व्यापारी त्यांच्या ताटाला ताट लावून जेवायचा.

उताऱ्याच्या अकरा नंबरच्या रकान्यात, जिथं कर्ज-बोजा लागतो, तिथं सोसायटीच्या दोन नोंदी होत्या. कर्ज कधीच फिटलेलं, पण नोंद कुणी कमी करून घेतली नव्हती. वारसा लावायच्या आधी सोसायटीकडून बेबाकी दाखला आणून त्या काढाव्या लागल्या. हे आपल्याकडं फार घरांत राहून जातं, आणि मग ऐन वेळी धावाधाव. त्यातलं एक कर्ज विहिरीचं. दुसरं पीककर्ज म्हणून घेतलेलं. आज्जांच्या हिशेबाच्या वहीत त्याच महिन्यात "नर्सिंग फी" म्हणून रक्कम पडली आहे. तात्यांची मुलगी त्या साली मिरजेला नर्सिंगला गेली होती. तिला आजपर्यंत वाटत होतं की वडिलांनी म्हैस विकून भरली.

मग घरातली बैठक. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मी लिहिणार नाही. धाकट्या काकांच्या मुलांनी पाइपलाइन केली होती, मोटर बसवली होती, त्यातली काही पश्चिमेच्या तुकड्यातून गेली होती. त्यांचं म्हणणं वाजवी होतं: राबलो आम्ही, पैसे घातले आम्ही, आता मोजणी होऊन दगड लागले की पाइप कुणाचा? तात्यांचा थोरला मुलगा तर म्हणत होता, आम्हाला काहीच नको, कसायला मिळतंय तेवढं बास. ते ऐकून वडिलांना फार वाईट वाटलं. मी जबाबाची नक्कल काढून मराठीत वाचली. "जमीन दोघांची आहे" या ओळीनंतर काकांनी कागद हातात मागून घेतला. कन्नड येत नसतानाही ते सहीच्या जागी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बा बोललाय न्हवं, मग तसंच करूया. पाइपचं बघू आपण." आणखी दोन-तीनदा बसावं लागलं, पण ते सगळं पाइप आणि रस्त्यावरून. जमिनीवरून पुन्हा कुणी बोललं नाही.

आत्यांचा प्रश्न कुणी काढणार नाही असं मला वाटत होतं, पण सोसायटीतल्या एका परिचितानं काढलाच: बहिणींकडून हक्कसोड करून घ्या, काम सोपं होईल. आमच्या भागात अजून सर्रास तसं करून घेतात. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. त्याचं कारणही आज्जाच. 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की मुलीला जन्मानंच मुलाइतका वाटा आहे, मग वारसा कायद्यात 2005 चा बदल झाला तेव्हा बाप हयात असो वा नसो. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. आज्जांनी मला ती बातमी दोनदा वाचायला लावली. मग वडिलांना आणि काकांना हाक मारली आणि सांगितलं, "पोरींची नावं खोडायची न्हाईत. मी गेल्यावर बी." वय तेव्हा 94. आवाज चढलेला आम्ही फार कमी वेळा ऐकला, त्यातला तो एक.

पुढचं काम कचेरीच्या गतीनं झालं. वंशावळ मिळाल्यावर फौती वारशाचा अर्ज, मग हरकतीची नोटीस, मुदत संपल्यावर फेरफार मंजूर, आणि उताऱ्यावर चार नावं: थोरली आत्या, वडील, धाकटी आत्या, काका. ते होईतो पहिला पावसाळा गेला. त्यानंतर वाटणी. सर्व्हे नंबराचा तुकडा पाडायचा तर अकरा-ई नकाशा लागतो, तो परवानाधारक मोजणीदाराकडून करून घ्यावा लागतो, त्याशिवाय सब-रजिस्ट्रार दस्त घेत नाही. मोजणीदार येणार त्या दिवशी शिवारात सगळी भावकी जमली होती, बांधावरची झुडपं तोडून साखळी टाकायला वाट करून दिली. वकिलांनी वाटणीपत्रात पणजोबांपासूनची हकीगत घातली, जबाबाची नक्कल जोडली, आणि तात्यांच्या मुलांना व मुलीला एकत्र कुटुंबाचे भागीदार म्हणून घेतलं. पश्चिमेचे दोन एकर त्यांच्याकडं. उरलेले अडीच एकर चार भावंडांत. पाइपलाइन जिथून जाते तिथून जाऊ द्यायची, असं स्वतंत्र कलम.

रजिस्टर कचेरीत फोटो आणि अंगठे द्यायला दोन्ही आत्या नवी लुगडी नेसून आल्या. थोरली आत्या 73 वर्षांची, गुडघे धरलेले, जिना चढताना तात्यांच्या थोरल्या मुलानं तिला धरलं होतं. तिची पाळी आली तेव्हा तिथल्या बाईनं विचारलं, हे कोण तुमचे? ती म्हणाली, "भाचा न्हवं का, भावाचा पोरगा." खरं तर तो तिच्या चुलतभावाचा मुलगा. पण आमच्या घरात चुलत हे नातं कधी बोललंच जात नाही, आणि मी पण तिथं दुरुस्त केलं नाही.

ज्यांच्या घरी फॉर्म सातची जमीन आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की वारसा लावण्याआधी ती न्यायमंडळाची फाईल एकदा काढून बघा. हुकमाची नक्कल बहुतेकांकडं असते. जबाबाची कुणाकडं नसते, कारण ती मागायचं कुणी सांगत नाही. आपली वडीलधारी माणसं साहेबासमोर उभी राहून काय बोलली, ते तिथं त्यांच्या सहीनिशी लिहिलेलं असतं. काही ठिकाणी कागद वाळवीनं खाल्लेत, तेव्हा उशीर करू नये.

विहीर मात्र कुणाच्याच वाटणीला घातली नाही. ती आज्जांनी आणि तात्यांनी मिळून खणली होती, ती सामाईकच ठेवली. पाण्याच्या पाळ्या वाटणीपत्राच्या शेवटच्या पानावर वार घालून लिहिल्यात: सोमवार ते बुधवार तात्यांची मुलं, गुरुवार ते शनिवार वडील आणि काका, रविवारी ज्याचं पीक वाळतंय त्याला. मोटरीचं बिल निम्मं-निम्मं. आत्यांना त्यांच्या हिश्शाचं नवं भात दर साल घरपोच द्यायचं, हे तोंडीच ठरलं. यंदाची पोती तात्यांच्या धाकट्या मुलानं टेम्पोत घालून दोघींच्या दारात नेऊन टाकली.